दोरा बांधलेलं वाळूक

कौसाआत्या माणसाला पायावरून वळखायची. तिनं कुणाच्या तोंडाकडं बघितलंय, असं मला तरी आठवत न्हाई. सदा वाफ्यात वाकलेली. एक हात कमरेवर, एक हात मातीत. समोर कुणी येऊन उभं राह्यलं की आधी चप्पल बघायची, मंग बोलायची. "शेखचाचा, टाच फाटली तुमची, तेल लावा." "लता, सकाळी सकाळी कुणावर चिडून आलीस गं? पाय आपटून राह्यलीस." आमच्या वसाहतीत तिला आत्या न म्हणणारं माणूस न्हाई, आन् मपल्या पायाबद्दल तिचं ऐकून घेतलं न्हाई असंबी माणूस न्हाई.

माझे पाय तिनं पहिल्यांदा पाह्यले तवा मी कचरा टाकायला गेल्तो.

आमची वसाहत जालन्याच्या एमआयडीसीच्या मागल्या अंगाला. निम्मे लोक लोखंडाच्या मिलमधी, निम्मे बियाण्याच्या प्लांटात. मी बियाण्यात, हमालीला. वसाहतीच्या मधोमध एक मोकळी जागा सोडलेली. नकाशात म्हणे तिथं बगीचा होता. नकाशा मी पाह्यला न्हाई, आन् पाह्यला असता तरी मला काय कळणार? मी दुसरीपर्यंत शाळेत गेल्तो, तेबी तिथं खायला सुकडी मिळायची म्हणून. सुकडीचं पोतं संपलं तवा माझंबी शिक्षण संपलं. तर त्या नकाशातल्या बगीच्यात वेडी बाभूळ आन् आमच्या सगळ्यांचा कचरा, दोन्हीबी जोरात वाढत होते.

मी डबा उपडा करणार, तेवढ्यात बाभळीच्या बुडातून आवाज आला, "निळी चप्पल, पट्ट्याला तार बांधलेली. कोण रे तू?"

म्हणलं, "मी म्हादू. हमाली करतो."

"म्हाद्या, वल्ला कचरा हिकडं टाक, वाळला तिकडं. प्लास्टिकची पन्नी घरी ने. आन् रिकाम्या हातानं जाऊ नको, ही मुळी धर."

मी मुळी धरली. आता बाभळीची मुळी म्हणजे काय गाजर न्हाई. मी वढून राह्यलो, ती आत जाऊन राह्यली. दुपारी घरी गेलो तवा हाताला फोड, डोक्यात माती. बायको दारातच उभी. लता म्हणली, "कचरा टाकायला गेल्ते का तिथंच राह्यला गेल्ते?"

दुसऱ्या ऐतवारी मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं निघालो, तर पाठीमागून, "तार बांधलेली चप्पल! हिकडं ये." बाभळीपलीकडून, वाकलेलीच. तिला कसं दिसलं मला आजवर कळलं न्हाई.

अशी बाग झाली. कुणी ठराव केला न्हाई का नारळ फोडला न्हाई. जो तिथून गेला त्याला तिनं मुळी धरायला लावली.

आत्या एकटी राहायची. नवरा जवानीतच गेला, एक लेक सुनीता, ती परतूरकडल्या आष्टीला दिलेली. घरात भिंतीवर बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो, आन् त्याच्या खाली फळीवर बियांच्या डब्या. सगळं आयुष्य तिनं भोकरदनकडं कंपन्यांच्या बियाण्याच्या प्लॉटवर काढलं. काम काय, तर फुलांची लग्नं लावायची. ह्या फुलाचा नर काढून टाकायचा, त्या फुलाची भुकटी आणून हिच्या तोंडाला लावायची, आन् लग्न लागलं म्हणून वर एक रंगीत दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या फळाला मंग कुणी हात लावायचा न्हाई, ते बियाचं.

प्लॉट सुटला पण दोरा सुटला न्हाई. कमरेच्या चंचीत पानसुपारीऐवजी दोऱ्याचे तुकडे, लाल आन् निळे. बागेत जे फळ चांगलं दिसंल त्याला ती दोरा बांधायची. ते बियाला राह्यलं. दुसरं काहीबी खा, ते खायचं न्हाई. मंग दोरा कुठंबी दिसायला लागला. शेवग्याच्या फांदीवर बुलबुलानं घरटं केलं, त्या फांदीला दोरा. पाण्याच्या टाकीचा नळ कुणीतरी उघडा ठेवला, नळाला दोरा. एकदा मी मपली सायकल पालकाच्या वाफ्याला टेकवली होती. परत येऊन बघतो तर सायकलीच्या घंटीला दोरा. मी दिवसभर सायकलीला हात लावला न्हाई, पायी कामाला गेलो. सांजच्याला आत्या म्हणली, "अरे येड्या, वाफ्याला लावू नको म्हणून बांधला होता. सायकलीचं काय मी बी धरणार हाय?"

आमची खानदानी धंद्याची जात धनगराची. बाप मेंढरं वळायचा. मेंढरं माझ्या वाट्याला आली न्हाईत, पण त्यांची सवय आली. मी चालता चालता चरतो. कोथिंबिरीची काडी, वालाची शेंग, काकडीचं शेंड्याचं बोंड, हात आपोआप जातो. आत्याचं एकच वाक्य ठरलेलं, "इचारलं का त्याला?"

म्हणजे वेलाला. तिचं म्हणणं असं, की तोडायच्या आधी वेलाकडं उलीसं बघायचं, त्याच्याकडं अजून किती हाय, त्याची पानं कशी हायेत, आज देण्यासारखा हाय का. मी एकदा खरंच इचारलं, दोडक्याच्या वेलापुढं उभा राहून, मोठ्यानं, "दोडकेसाहेब, एक तोडू का?" मागं शेखचाचा उभे. ते रिटायर वेल्डर, बागेचं सगळं पाणी आन् तारा-पाईप त्यांच्याकडं. त्यांनी लताला जाऊन सांगितलं, "भाभी, म्हादेव कू जरा धूप लगी दिसती."

होळी झाली की खरी गडबड सुरू व्हायची. हिवाळ्याची भाजी उतरलेली, वाफे रिकामे. कडू लिंबाचा पाला गळून पडलेला आन् फांदीवर तांबूस नवी पालवी. ऐतवारी उन्हं वर यायच्या आत सगळे बागेत. मिलवाले रातपाळी करून तसेच यायचे, डोळे लाल, पण यायचे. होळीची राख घमेल्यानं आणून वाफ्यात टाकायची. लिंबाचा पाचोळा वेलांच्या बुडाला पसरायचा, म्हणजे ओल टिकती. भेंडी, गवार, लाल माठ, काकडी टोकायची. पाणी आमच्याकडं नळाला यायचं तवा येतं, त्याचा भरवसा न्हाई, म्हणून घरटी एक बादली, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी, बायका येताना घेऊन यायच्या. चाचांनी बाटल्यांच्या बुडाला भोकं पाडून झाडाला उलट्या लावल्या होत्या, थेंब थेंब पाणी पडायचं. आन् जो उशिरा येईल त्याच्या वाट्याला लेंड्या कुटायचं काम. मेंढरांच्या लेंड्या कुटून बारीक करायच्या, धूळ नाकात जाती, दिवसभर शिंका येतेत. ते काम दर ऐतवारी कुणाला मिळायचं हे काय इचारायची गोष्ट हाय का? मी लवकर उठलो तरी मधी कुणीतरी चहा द्यायचं.

लेंड्यांवरून आठवलं. आमच्याकडं वावरात मेंढरं बसवायची पद्धत हाय. पीक निघालं की धनगराचा कळप वावरात बसवतेत, मेंढरं लेंड्या टाकतेत, वावराला फुकट खत. गेल्याच्या गेल्या साली माझा चुलतभाऊ कळप घेऊन आमच्या बाजूनं चालला होता. मी म्हणलं, आपल्या बागेतबी बसवू. जिंदगीत पहिल्यांदा माझ्या डोक्यातून कामाची गोष्ट निघाली होती. आत्यालाबी पटली.

ती म्हणली, "म्होरच्या रिकाम्या वाफ्यात बसव. मागं मेथी हाय, वाळकाचे वेल हायेत, तिकडं बिलकुल जाऊ देऊ नको. मधलं फाटक लाव." आन् ती पाणी आणायला गेली.

फाटकाची कडी तुटलेली. बांधायला तार न्हाई. मंग माझं डोकं चाललं, आन् ते एकाच दिवसात दुसऱ्यांदा चाललं की घोटाळा होतोच. मी आत्याचा पडलेला लाल दोरा उचलला आन् फाटकाला बांधला. म्हणलं, ह्या दोऱ्याला अख्खी वसाहत भेती, मिलचा मुकादम भेतो, मेंढरं काय चीज हाय? आन् निवांत लिंबाखाली चुलतभावासंग तंबाखू मळत बसलो.

पहिल्या मेंढीनं आधी दोरा खाल्ला. मंग मेथी.

आत्या आली. तिनं नेहमीसारखे आधी माझे पाय पाह्यले. ते लिंबामागं सरकून राह्यले होते.

"दोरा कुणी बांधला?"

"मी."

"मेंढरांला सांगितलं का, कशाला बांधला ते?"

"न्हाई, आत्या."

"मंग त्यांची काय चूक?" ती मेथीच्या वाफ्याकडं वळली. "मेथी गेली, लेंड्या राह्यल्या. बराबर झालं." सगळे हसले. मीबी हसलो. पण मंग ती वाळकाच्या वेलांपशी गेली, तिथं नुसते दांडे उभे होते. वाकून दांड्यांवरून हात फिरवत बसली. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. लताच्या शिव्या मला रोज असतेत, त्या लागत न्हाईत.

ते वाळूक तिच्या आईचं होतं. केदारखेड्याकडच्या वावरात तिची आई बांधाच्या कडंला पेरायची. बाजारात मिळतं तसलं न्हाई. जाडजूड, पिवळ्या अंगावर हिरवे पट्टे, कवळं असताना खारवून खावं, पिकलं की आपोआप उलतं आन् असा वास सुटतो की तीन घरं सोडून माणूस इचारतो, काय कापलं? आईनं लग्नात पदराला बी बांधून दिलं, तवापासून आत्या दरसाल पेरायची. माहेराकडं आता ते बी कुणाकडंच न्हाई, सगळं वावर कंपनीच्या बियाण्याखाली गेलं. म्हणजे ते वाळूक जगात कुठं असंल तर आमच्या कचऱ्याच्या जागेत. एक साल पाण्यावाचून वेल वाळले. दुसरं साल मेंढरांनी खाल्लं, म्हणजे मी खाल्लं असंच धरा. डबीत राखंत चिमूटभर बी राह्यलं, तेबी म्हातारं. गेल्या साली माघात तिनं ते सगळं पेरलं. बरंचसं उगवलंच न्हाई, थोडे वेल वर आले. ह्या वेलांला फळ धरून पिकलं तर वाण राहील, न्हाई तर संपलं.

आन् त्यात सुनीता आली. आत्याच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, गुडघे तर कवाच गेल्ते. सुनीता म्हणली, "आई, आता डोळ्याचं ऑपरेशन करू, आन् हा उन्हाळा झाला की तू माझ्याकडंच राहायचं. एकटी पडलीस बिडलीस तर?" सुनीताचं घर दुसऱ्या मजल्यावर. आत्यानं एवढंच इचारलं, "तिथं खाली माती हाय का गं?" सुनीता म्हणली, "कुंड्या ठेवू." आत्या म्हणली, "कुंडीत वाळूक म्हणजे गाडग्यात म्हैस." पण लेकीचंबी खरं होतं, ते तिला कळत होतं.

ऑपरेशनला आष्टीकडं जायच्या दिवशी ती बागेत आली. सगळ्यांच्या सकाळच्या पाळ्या, चाचा बाकीच्या बागेच्या पाण्यात गुंतलेले. माझी एकट्याची दुपारची.

"म्हाद्या, मी येस्तोवर वाळकाला पाणी घाल. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

चाचा कळवळून म्हणले, "आपा, इसकू नक्को बोलो. किसी कू भी बोलो."

आत्या म्हणली, "एकच माणूस एकाच वेलाला दोनदा कसा काय चुकंल?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माहीत होतं, कसा ते.

मी पाणी घातलं. रोज घातलं, मायनं लेकराला पाजावं तसं. वेल पसरले, पिवळी फुलं आली. आन् मंग मला मपलं ज्ञान आठवलं. मीबी एक हंगाम दोडक्याच्या प्लॉटवर कामाला गेल्तो. मुकादमानं शिकवलं होतं, फुलाच्या बुडाशी इवलंसं फळ दिसतं ती मादी, नुसता दांडा असतो तो नर, नर दिसला की खुडायचा, एक राहू द्यायचा न्हाई. हे मला पक्कं पाठ होतं. एवढं एकच पाठ होतं. म्हणलं, आत्या येईल तवा वेल असा साफसूफ दाखवू की ती म्हणंल, म्हाद्या तू तर माझ्यापेक्षा हुशार निघालास.

रोज उन्हं निघायच्या आत मी नर फुलं खुडायचो. ओंजळ भरायची. ती फुलं मी लताला नेऊन द्यायचो, ती देवाला वाहायची. देवालाबी कळलं न्हाई.

प्लॉटवर नरांची वेगळी रांग असते. तिथून भुकटी आणून सांजच्याला मादीला लावतेत. पण प्लॉटवर माझं काम सकाळचं होतं, सांजच्याला लग्नं लागायची तवा मी घरी जेवून झोपलेला. मला वाटलं नर खुडला की फळ मोठं होतं. लग्नाच्या आधी सगळे नवरदेव हाकलून दिले आन् बसलो वरातीची वाट बघत.

आत्या आली डोळ्याला काळा चष्मा लावून. सिनेमातल्या डाकूसारखी दिसत होती. तिनं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे तोंड होय तुझं? पायच बरे होते."

मंग वेलाकडं वळली. पानं उचलली, एक उचललं, दुसरं उचललं. मादी फुलं येत होती, त्यांची इवली फळं पिवळी पडून गळून राह्यली होती. "म्हाद्या, नर कुठं हायेत?"

मी छाती काढून सांगितलं, "सगळे खुडले, आत्या! रोज! एकबी राहू दिला न्हाई!"

चाचांनी हातातला पाईप खाली ठेवला, डोक्याला हात लावला. "अरे म्हादेव, ये क्या किया रे! सारी बेलों कू बेवा कर डाला!"

कुणी हसलं न्हाई. मी बघितलं, आत्या खाली बसली होती. तिच्या काळ्या चष्म्यामुळं डोळे दिसत न्हवते, ते बरंच झालं. मी म्हणलं, "आत्या, नवीन नर फुलं येतील की." ती म्हणली, "येतील. पण ऊन बघ कसं पडून राह्यलं. आता धरलेलं भाजून गळंल. माश्याबी येईनात." आन् मंग मला पहिल्यांदा कळलं मी काय केलंय ते. माझ्याकडं त्या वक्ताला एकबी विनोद न्हवता.

मंग तीच बोलली. चाचांकडं बघून. "चाचा, बेवा मीबी झाले. पण मपला माणूस गेला तवा सुनीता पोटात होती." आन् ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "उठा सगळे. ह्या येड्यानं खुडायला लागायच्या आधी एखादी पोटुशी राह्यली असंल. पानं उचलून बघा. पाय जपून टाका."

सगळी वसाहत वाकली. त्या दिवशी वरून कुणी बघितलं असतं तर त्याला नुसत्या पाठीच दिसल्या असत्या, अख्खी बाग आत्या झाली होती. पान पान उचलून आम्ही बघितलं. शेवटी लताला सापडलं. कुंपणाच्या बुडाला, पाचोळ्यात लपलेलं, अंगठ्यापेक्षा उलीसं मोठं. हिरवं, लव असलेलं. लता वरडली, "आत्या, हाय! एक हाय!"

आत्यानं चंचीतून दोरा काढला. हात स्थिर. दांड्याला हळूच बांधला, लालबी आन् निळाबी, दोन्ही.

त्या एका वाळकाला जेवढं पहाऱ्यात ठेवलं तेवढं बँकेलाबी ठेवत नसतील. चाचांनी जुन्या टेबलफॅनची जाळी त्याच्यावर पालथी घातली. बायकांनी ओढणी बांधून सावली केली. पाचोळ्याची गादी. मला मात्र तिथं जायला बंदी. वेलाच्या भवती चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली, आन् रेघेच्या आत माझा पाय दिसला तर आत्या वळखणार होतीच. मला काम दिलं पाखरं हाकायचं, तेबी रेघेच्या बाहेरून. वर माझाच जुना शर्ट घालून एक बुजगावणं उभं केलं. पोपट खुशाल त्याच्या खांद्यावर येऊन बसायचे. लता म्हणली, "शर्टात माणूस असतानाबी कुणी भेत न्हाई, आता काय भेणार."

नवी नर फुलं आली, मादीबी आल्या, आत्यानं हातानं लग्नं लावली, पण ती म्हणली होती तसंच झालं. ऊन असं तापलं की जे धरलं ते गळलं. ते एकच राह्यलं. पाडवा गेला. जयंतीच्या निळ्या पताका वसाहतीभर लागल्या, जयंती झाली, पताका उन्हानं फिक्या पडायला लागल्या, तरी वाळूक आपलं हिरवंच. मला तर सपनात यायचं. मी सपनातबी रेघेच्या बाहेरच उभा असायचो.

आन् मंग एका ऐतवारी सकाळी बागेत पाय ठेवला तर वास. चाचा नाक वर करून उभे. जाळीखाली वाळूक पिवळंधमक झालं होतं आन् मधून उललं होतं.

आत्यानं दोरा सोडला. सगळ्यांला लिंबाखाली बोलावलं. मधी परात ठेवली. चाकूनं वाळूक उघडलं, बियाचा गाभा अलगद परातीत काढला. पण सगळा न्हाई. प्रत्येकाच्या फोडीवर त्यातला घास घास ठेवला.

सुनीता उन्हाळा संपायच्या आत न्यायला आली होती, ती म्हणली, "आई, बी कशाला वाटून राह्यलीस? सगळंच ठेव ना."

आत्या म्हणली, "गाभाच तर गोड असतो. ज्यांनी राखलं त्यांला गोड नको का? चोखा, आन् बी परातीत थुका. एकबी गिळायचं न्हाई."

आता ही गोष्ट खरी सांगतो. माझी बिलकुल तसली नियत न्हवती. पण तो घास तोंडात गेला आन् डोळे आपोआप मिटले. असं गोड, उलीसं आंबूस, थंडगार. उघडले तवा सगळे परातीत थुकून राह्यले होते आन् माझ्या तोंडात काहीच न्हवतं.

"म्हाद्या, तोंड उघड," आत्या म्हणली.

उघडलं.

"जीभ वर कर."

केली. सगळे हसून हसून लोळले. सुनीतासुद्धा. आत्या तर पदरानं डोळे पुसायला लागली, ऑपरेशनचे डोळे, लता म्हणली आत्या हसू नका, टाका सुटंल.

बी धुतलं, राखंत घोळलं, सावलीत वाळवलं. जायच्या आदल्या दिवशी आत्यानं डबी हातात घेतली. सगळ्यांला वाटलं चाचांला देईल, न्हाई तर लताला. मीबी मागं उभा होतो, लेंड्या कुटून धुळीनं पांढरा झालेला.

"तार बांधलेली चप्पल कुठं हाय? पुढं ये."

डबी माझ्या हातात दिली. वर दोरा गुंडाळलेला.

चाचा एकदम उठून उभे राह्यले. "आपा! नक्को! ये खा जाएगा!"

लता म्हणली, "आत्या, घरात मी हाय. मला द्या. ह्यांच्याकडं मी चहापत्तीसुद्धा ठेवत न्हाई."

आत्या म्हणली, "म्हणूनच. तुझ्याकडं दिलं तर सगळे निवांत होतेत. लताकडं हाय म्हणतेत आन् इसरून जातेत. आन् एखाद्या दिवशी उंदीर लागला तर कुणाला पत्ता न्हाई. ह्याच्याकडं दिलं तर अख्खी वसाहत झोपंतून उठून आधी इचारती, बी हाय का खाल्लं? मी नसताना एवढी चौकशी दुसऱ्या कुणाच्या घरी होईल का?"

मी डबी दोन्ही हातांनी धरून ठेवली, हात घामानं भिजले, लता म्हणली निदान घाम तरी लागू देऊ नका तिला.

आन् तसंच झालं बघा. रोज सकाळी चाचा, "म्हादेव, बीज है ना?" मिलवाले पाळीवर जाताना गाडी हळू करून, "म्हादूभाऊ, डबी?" किराणावाला साखर देताना. प्लांटच्या फाटकावरचा राखणदार, ज्याचा आमच्या वसाहतीशी काही संबंध न्हाई, तोबी. आष्टीवरून ऐतवारी फोन येतो, पहिलं वाक्य बी कसं हाय, दुसरं लता कशी हाय. माझं कुणी इचारत न्हाई. यंदा माघात सगळ्यांच्या डोळ्यादेखत डबी उघडली, निम्मं पेरलं, निम्मं ठेवलं. आत्यानंच तसं सांगितलं होतं. भरभरून उगवलं. आता वेलावर नर फुलंच फुलं हायेत, आन् मी रोज वेलापुढं दोन्ही हात मागं बांधून उभा राहतो, कुणी म्हणायच्या आधीच. पहिल्या वाळकाला दोरा मी बांधला. गाठ नीट बसली न्हाई, तीनदा बांधली. दुसरं पिकलं की आष्टीला नेणार हाय, वेलाला इचारून.

तिला शेवटचं बघितलं ते जालन्याच्या स्टँडवर. परतूरची गाडी लागली होती. आम्ही पाच-सहा जण सोडायला गेल्तो. लतानं मला जबरदस्तीनं नवी चप्पल घ्यायला लावली होती, म्हणली, तार बांधलेल्या चपलेनं निरोप देता का बाईला. आत्या खिडकीत बसली. काळा चष्मा गेला होता, पांढरं पातळ, मांडीवर पिशवी. आता ती वर आन् आम्ही खाली. सगळ्यांशी बोलली. मी खिडकीच्या बुडाला जाऊन उभा राह्यलो. तिनं सवयीनं खाली बघितलं.

"कोण पाव्हणं?"

"आत्या, मी. म्हादू."

"ही चप्पल कुणाची?"

"मपलीच. नवी घेतली."

"हात्तिच्या! मंग वळखू कसा येशील?"

मी चप्पल काढून बाजूला ठेवली. वैशाखाची दुपार, खाली सिमेंट तव्यासारखं. मी एक पाय उचलायचो, एक टेकायचो, मंग तो उचलायचो, हा टेकायचो.

"आता वळखलं," ती म्हणली, आन् हसायला लागली. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हालली. ती खिडकीतून निम्मी बाहेर आली, "म्हाद्या, पाय भाजतील रे! सावलीत जा! जल्दी!"

सुनीता तिला आत वढून राह्यली होती. ती खालीच बघत होती, माझ्या पायाकडं. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेस्तोवर मी काय सावलीत गेलो न्हाई.